शंभरपट मिळेल, पण काय?

ख्रिस्ती श्रद्धेपायी घरदार, जमीनजुमला, पैसा सोडणाऱ्याला देव त्याचे फळ देतो का, या विषयावर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली, काही चार ओळींत आटोपली. प्रश्नच तसे आहेत.

प्रश्न: सर्व सोडणाऱ्याला शंभरपट परत मिळेल असे येशूने सांगितले आहे. प्रार्थनासभेत याचा अर्थ ‘शंभर द्या, दहा हजार घ्या’ असा लावतात. मूळ मजकुरात तसे आहे का?

‘शंभरपट’ हा शब्द आहे, तो कुणी मागाहून घुसडलेला नाही. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या १०:२९-३० (अध्याय १०, ओळी २९-३०) उघडा आणि त्याआधीचा प्रसंगही वाचा. एक श्रीमंत माणूस ‘सर्व विकून गरिबांना दे’ हे ऐकून खिन्न होऊन निघून गेला आहे. मागे उभा असलेला शिष्य पेत्र लगेच येशूला म्हणतो, आम्ही तर सगळे सोडून तुमच्यामागे आलो. मत्तयाने (१९:२७) त्याचे पुढचे वाक्यही दिले आहे: मग आम्हाला काय मिळणार? हा प्रश्न विचारला म्हणून येशू त्याला झापत नाही. मिळेल असेच सांगतो. तेव्हा ‘प्रतिफळाचा विचारच करू नये’ असे म्हणणारेही मजकुराला धरून बोलत नाहीत.

आता त्या दोन ओळींतल्या दोन याद्या शेजारी शेजारी मांडा. सोडलेल्या गोष्टींची यादी: घर किंवा भाऊ किंवा बहिणी किंवा आई किंवा बाप किंवा मुले किंवा शेते. मिळणाऱ्या गोष्टींची यादी: घरे आणि भाऊ आणि बहिणी आणि आया आणि मुले आणि शेते. सोडताना ‘किंवा’, मिळताना ‘आणि’. मूळ ग्रीकमध्येही हा फरक असाच आहे. पैसा दोन्ही याद्यांत नाही. पहिल्या यादीतला बाप दुसऱ्या यादीत नाही, कारण या नव्या घरात बापाची जागा देवाची आहे. मार्क ३:३५ मध्येही येशू ‘माझा भाऊ, बहीण आणि आई’ एवढेच म्हणतो. आणि दुसऱ्या यादीत एक नग वाढला आहे: ‘छळणुकीबरोबर’. शंभरपटीचे प्रवचन देताना नेमका हाच शब्द गाळला जातो.

शंभर आया कुणाला जन्माने मिळत नाहीत. तिथेच कळते की हा हिशेब सातबाऱ्यावर चढणारा नाही. एका कुटुंबाने एक एकर सोडून शंभर एकर मिळवायचे म्हटले, तर हजार कुटुंबांना एक लाख एकर लागतील, आणि ती जमीन दुसऱ्या कुणाची तरी असेल. पहिल्या शतकातल्या मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समाजांत, हे वचन कसे खरे झाले ते प्रेषित पौलाच्या पत्रांत दिसते. रोमकरांस पत्राच्या शेवटी (१६:१३) तो रूफाच्या आईला सलाम सांगतो आणि ‘ती माझीही आई’ असे जोडतो. फिलेमोनाला लिहिताना (२२) माझ्यासाठी उतरायची खोली तयार ठेव म्हणतो. ज्याचे स्वतःचे बिऱ्हाड नाही त्याला गावोगावी दार उघडे आहे, ताट वाढलेले आहे. शंभर घरे मिळाली ती अशी. घरमालक तो एकाही घराचा झाला नाही.

या उघड्या दारांचा गैरफायदा घेणारेही लगेच निघाले. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या ‘दिदाखे’ या मंडळीच्या नियमपुस्तिकेत त्यावर बंदोबस्त आहे. फिरता प्रेषित आला तर एक दिवस ठेवा, गरज पडली तर दुसरा. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर तो खोटा. कसोटी इतकी रोखठोक आहे की आजही ती जशीच्या तशी लावता येते.

आणि छळणुकीचे म्हणाल, तर जब्दीचा मुलगा याकोब बापाला आणि मजुरांना तारवातच सोडून येशूमागे गेला होता (मार्क १:२०). इ.स. ४४ च्या सुमारास हेरोदाने त्याला तलवारीने मारले (प्रेषितांची कृत्ये १२:२). दहा हजारांचे गणित सांगणाऱ्याला या माणसाचा जमाखर्च मांडून दाखवायला सांगा.

प्रश्न: तारण (पापातून सुटका) कृपेने आणि विश्वासाने, कर्मांनी नव्हे, असे आम्ही शिकलो. मग प्रतिफळ कशाचे? आणि काही मिळेल म्हणून दिले तर तो सौदाच झाला ना?

दोन शब्द वेगळे ठेवले की अर्धा गुंता सुटतो. तारण ही देणगी. मजुरी मिळवणाऱ्याला कृपा म्हणून नव्हे तर देणे म्हणून मिळते, असे रोमकरांस ४:४ म्हणते, आणि तारण तसले देणे नाही. प्रतिफळ तारण झालेल्यालाच मिळते. करिंथकरांस पहिल्या पत्रात (३:१२-१५) पाया एकच, त्यावर कुणी सोन्यारुप्याने बांधतो, कुणी लाकूड, गवत, पेंढ्याने. अग्नी लागल्यावर ज्याचे टिकले त्याला प्रतिफळ; ज्याचे जळाले त्याचा तोटा झाला, तरी तो स्वतः वाचतो, आगीतून निसटल्यासारखा.

यावर पश्चिमेकडील ख्रिस्ती मंडळी दुभंगली हे खरे. १५४७ मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मपरिषदेने सार्वकालिक जीवन हे कृपेचे दान आणि सत्कर्मांचे प्रतिफळ असे दोन्ही आहे असे ठरवले. प्रॉटेस्टंट पंथांना त्यातल्या ‘पुण्यार्जना’चा वास सहन होईना. १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, तेव्हा ‘स्वर्गात प्रतिफळ आहे’ हे बायबलचे वचन दोघांनीही मान्य केले. प्राचीन काळचा बिशप ऑगस्टिन याचे म्हणणे दोन्ही बाजूंना पटणारे होते: देव आपल्या सत्कर्मांना मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो.

सौद्याचा प्रश्न मात्र पंथांच्या वादापेक्षा जवळचा आहे. मत्तय ६:२ पाहा. लोकांनी वाहवा करावी म्हणून कर्णा वाजवून दान करणारे ‘आपले प्रतिफळ भरून पावले आहेत’. इथले ग्रीक क्रियापद त्या काळच्या व्यवहारातले आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसच्या पावत्यांवर ‘रक्कम पोचली’ या अर्थी तेच लिहिलेले असते. मराठीत तर ‘पावले’ आणि ‘पावती’ एकाच क्रियापदाची लेकरे. देणगीदारांच्या फलकावर नाव झळकले, टाळ्या पडल्या, पावती फाटली, खाते बंद. आता स्वर्गातून काही येणे बाकी नाही.

मत्तयाने पेत्राच्या ‘आम्हाला काय मिळणार’नंतर लगेच द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला ठेवला आहे (२०:१-१६), तोही मुद्दाम. सकाळी आलेल्यांनी दिवसाचा एक दिनार ठरवून घेतला. नंतर आलेल्यांना मालक ‘योग्य ते देईन’ एवढेच म्हणाला, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्यांशी तर मजुरीची बोलणीच झाली नाहीत. संध्याकाळी सगळ्यांच्या हातात एकेक दिनार. ठरवून आलेल्यांना ठरलेले चोख मिळाले, तरी तेच कुरकुरले. आशा ठेवायला हरकत नाही, दर ठरवून घेतलात की पदरात दर पडतो आणि शेजाऱ्याचे पाहून पोटात दुखते.

प्रश्न: खऱ्या शिष्याने सर्व मालमत्ता विकलीच पाहिजे का?

नाही. ‘सर्व विक’ ही आज्ञा समोर आलेल्या एका माणसाला दिली गेली. जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धे दिले आणि लुबाडलेले चौपट परत केले. ‘उरलेले अर्धे कुठे आहे’ असे येशूने विचारले नाही (लूक १९:८-९). अरिमथाईचा योसेफ श्रीमंतच राहिला आणि येशूला ठेवायला त्याची कबर उपयोगी पडली. लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करत होती, बाप्तिस्म्यानंतर तिने घर मोडले नाही, पाहुण्यांना उघडले. खुद्द पेत्राने जाळी सोडली ती मार्क १:१८ मध्ये आणि ११ ओळींनंतर सगळे त्याच्याच घरी गेलेले आहेत, सासू तापाने पडलेली आहे. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने साधा प्रश्न केला होता: कुणाकडेच काही उरले नाही तर भुकेल्याला जेवू कोण घालणार?

पण एवढ्यावर सुटका होत नाही. लूक १४:३३ मध्ये ‘सर्वस्वाचा त्याग’ प्रत्येक शिष्याला सांगितला आहे. तिथला शब्द ‘निरोप घेणे’ या अर्थाचा. घरच्यांचा निरोप घेऊन येतो म्हणणाऱ्याच्या तोंडीही (लूक ९:६१) तोच आहे. म्हणजे वस्तू हातात असेल, पण तिचा निरोप आधीच घेऊन झालेला असावा. उद्या गेली तर आरडाओरडा नाही.

जाता जाता: श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, असे येशू त्याच प्रसंगी म्हणाला. त्यावर ‘सुईचे नाक’ नावाचा यरुशलेमेत अरुंद दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यातून जाई, ही गोष्ट सांगणे कृपा करून थांबवा. पहिल्या शतकात असा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही. हे स्पष्टीकरण मध्ययुगातले. यहुदी तालमुदात सुईच्या नाकातून हत्ती जाण्याची उपमा आहे. ती अशक्यासाठी वापरतात, अवघडासाठी नाही. शिष्यांना हे नीट कळले होते, म्हणून तर त्यांनी ‘मग कोणाचे तारण होईल?’ असे विचारले.

प्रश्न: पतीने एका सभेत राहते घर आणि सगळी शिल्लक सेवाकार्याला देण्याचा शब्द दिला. मला नंतर कळले. दोन मुले शिकत आहेत. विरोध केला तर ‘देवाच्या आड येतेस’ म्हणतात. काय करावे?

तुम्ही देवाच्या आड येत नाही आहात. मार्क ७:९-१३ त्यांना वाचायला द्या. आईबापांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे देवाचे वचन रद्द करणारे म्हटले आहे. तीमथ्याला पहिले पत्र ५:८ आणखी कडक आहे: घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. धर्मसुधारक लूथरच्या १५१७ च्या ९५ सिद्धांतांतला ४६ वा तर जणू तुमच्यासाठीच लिहिलेला: गरजेपेक्षा जास्त नसेल तर घरच्यांपुरते राखून ठेवावे, क्षमापत्रांवर (पापाच्या शिक्षेतून सूट म्हणून विकल्या जाणाऱ्या पत्रांवर) उधळू नये.

असेच एक प्रकरण पाचव्या शतकाच्या सुमारास ऑगस्टिनपुढे आले होते, फक्त उलट्या बाजूने. एक्डिशिया नावाच्या बाईने पतीला न विचारता जवळजवळ सगळी मालमत्ता वाटेने जाणाऱ्या दोन संन्याशांना देऊन टाकली. घरात मुलगा होता. पती संतापला, संसार मोडला, तो परस्त्रीकडे गेला. ऑगस्टिनने तिला लिहिलेले पत्र (क्रमांक २६२) उपलब्ध आहे. दातृत्वाची वाहवा त्यात नाही. पतीचे मन वळवून दोघांनी मिळून द्यायला हवे होते, असे खरमरीत सुनावले आहे.

आता व्यवहार. सभेत तोंडी दिलेला शब्द म्हणजे दस्त नव्हे. अजून कागद झाला नसेल तर घाई संपवा. कागद झाला असेल तर याच आठवड्यात वकिलाकडे जा, कारण बक्षीसपत्र एकदा नोंदले आणि समोरच्याने स्वीकारले की बहुतेक ठिकाणी ते मागे घेता येत नाही. घर दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या सहीशिवाय तुमचा हिस्सा जात नाही. ती सही ‘शांततेसाठी’ म्हणून देऊ नका.

मग एका कागदावर पुढचे उतरवा: काय काय आहे, प्रत्येक वस्तू कुणाच्या नावावर, तिच्यावर कर्ज किती, कोण कोण अवलंबून आणि किती वर्षे. कर्ज सर्वांत आधी फेडायचे. देणेकऱ्यांना बुडवून केलेले दान बहुतेक देशांत न्यायालय रद्द करू शकते, आणि रोमकरांस १३:८ ही ‘कोणाच्या ऋणात राहू नका’ असेच सांगते. त्यानंतर मुलांच्या शिक्षणाची रक्कम, निदान सहा महिन्यांचा घरखर्च, आजारपण आणि म्हातारपणाची तजवीज बाजूला. राहते घर या यादीत द्यायच्या रकान्यात येतच नाही. जे उरेल त्यातून द्या, आणि पहिले वर्षभर फक्त उत्पन्न द्या: व्याज, भाडे, पगाराचा ठरलेला भाग. मुद्दलाला हात लावू नका. वर्षाअखेरीस दोघांचा उत्साह तेवढाच असेल आणि घेणाऱ्याने हिशेब वेळेवर दिला असेल, तर मुद्दलाचा विषय काढा.

उत्पन्न आधी, मुद्दल नंतर, ही कल्पना आमची नाही. धाकटी मेलानिया आणि तिचा पती पिनियन ही रोममधली अफाट श्रीमंत जोडी सगळे विकायला निघाली होती. आफ्रिकेतल्या ऑरेलियस, अलिपियस आणि ऑगस्टिन या बिशपांनी त्यांना थांबवले: मठांना रोख द्याल तर ती थोड्याच दिवसांत संपेल, प्रत्येक मठाला एक घर आणि कायमचे उत्पन्न लावून द्या. देणाऱ्याला त्यागाची घाई असते, घेणाऱ्याच्या चुलीवर मात्र रोज काहीतरी शिजावे लागते.

सर्वांत जास्त वेळा बिघडते ते इथे: ‘घर संस्थेला द्या, संस्था तुम्हाला शेवटपर्यंत सांभाळेल’ असे तोंडी ठरते. पाच-सात वर्षांनी पदाधिकारी बदलतात, नव्यांना जुना शब्द ठाऊक नसतो, कागदावर तो नसतोच. घर द्यायचेच असेल तर पतीपत्नी दोघे हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क दस्तातच लिहून घ्या, किंवा मृत्युपत्राने द्या. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येते. पैसे कधीही व्यक्तीच्या खात्यात नाही, संस्थेच्या खात्यात. दोन सह्यांचे खाते, तपासलेले ताळेबंद, पावतीवर कारण लिहिलेले. हिशेब मागितल्यावर ‘विश्वास नाही का?’ असे उत्तर आले तर तिथेच थांबा. पौलावर अविश्वास कुणाचा होता? तरी यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, ‘कोणी आम्हांवर दोष ठेवू नये’ म्हणून (करिंथकरांस दुसरे पत्र ८:१९-२१).

प्रश्न: मुलगी सिस्टर (कॅथलिक संन्यासिनी) होण्यासाठी जाते आहे. तिच्या वाट्याची मालमत्ता आताच देऊन टाकावी का? पुढे ती परत आली तर?

आताच देऊ नका. कॅथलिक धर्मसभेचा १९८३ चा कायदाही तसे मागत नाही. नवदीक्षितेचा काळ कमीत कमी १२ महिने. त्यानंतर तात्पुरती व्रते, साधारण ३ ते ६ वर्षे, अपवादाने ९ पर्यंत. पहिल्या व्रतांआधी तिने (कलम ६६८) आपल्या मालमत्तेचा कारभार स्वतः निवडलेल्या माणसाकडे सोपवायचा आणि उत्पन्नाचा वापर कसा व्हावा ते ठरवायचे. मालकी तिचीच राहते. मृत्युपत्र निदान आजीवन व्रतांआधी, देशाच्या कायद्यात चालेल असे. मालकीचाही पूर्ण त्याग काही संघांत आहे, सर्वांत नाही. तिच्या संघाचे नियम लेखी मागून घ्या.

परत आली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. व्रतकाळात तिने कमावलेले, पगार धरून, संघाचे. आणि कलम ७०२ प्रमाणे केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. मात्र संघाने तिच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावे असेही त्याच कलमात आहे. ते ‘प्रेम’ प्रत्यक्षात किती रकमेचे, हे संघागणिक बदलते. म्हणून मूळ मालमत्ता जागेवर असणे महत्त्वाचे.

परतीची शक्यता धरणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठनियमात उमेदवाराला दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग चार महिन्यांनी नियम वाचून दाखवतात, जायचे तर जा म्हणतात. वर्ष भरल्यावर तो सर्व सोडतो, अंगावरचे कपडेही. आणि ते कपडे टाकून देत नाहीत. वस्त्रागारात जपून ठेवतात: कधी काळी निघून जायची वेळ आलीच, तर मठाचा पोशाख उतरवून त्याचे जुने कपडे त्याला परत द्यायचे.

प्रश्न: बरीच वर्षे दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) आणि वर ‘बीज’ म्हणून मोठी रक्कम दिली. कर्ज झाले, आशीर्वाद आला नाही. विश्वास कमी पडला असे सांगतात.

या उत्तरात एक सोय आहे, तिच्याकडे लक्ष द्या. पैसे आले तर शिकवण खरी, नाही आले तर तुमचा विश्वास खोटा. शिकवण कधीच खोटी ठरू शकत नाही. बायबलमधल्या, संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी त्यालाच दोष देऊन हेच केले होते, आणि शेवटी देव ईयोबावर नव्हे तर त्या मित्रांवर रागावला (४२:७).

मलाखी ३:१० चे ‘आकाशकपाटे’ (आकाशाची दारे) उघडून आशीर्वाद ओतण्याचे वचन इस्राएलाला, मंदिराचे कोठार रिकामे पडले असताना, आणि पुढच्याच ओळीत पीक व द्राक्षवेल यांविषयी आहे. दशमांश धान्य, द्राक्षारस, तेलाचा. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४:२२-२९ प्रमाणे त्यातला काही देणाऱ्याने कुटुंबासह देवापुढे बसून खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षीचा लेवी (मंदिरसेवेतला वंश), परका, अनाथ, विधवा यांना पोटभर. कर्ज काढून दशमांश भरण्याची गोष्ट तिथे नाही. पौलही ‘आपल्याजवळ असेल त्या मानाने, नसेल त्या मानाने नव्हे’ असे बजावतो (करिंथकरांस दुसरे पत्र ८:१२). त्याच पत्रात पेरणी-कापणीची उपमा येते ती ९:६ मध्ये. ११ व्या ओळीपर्यंत वाचले तर पीक कशासाठी तेही कळते, आणखी औदार्याने देता यावे म्हणून.

करायचे ते असे. ‘बीज’ देणे आजपासून बंद. कर्जांची यादी व्याजदराप्रमाणे लावा, सर्वांत महाग आधी. कर्ज फिटेपर्यंत देणे अगदी थांबवायचे नसेल तर वेळ द्या, किंवा जी रक्कम गेल्याचे महिनाअखेरीस जाणवत नाही तेवढीच. दिलेल्या रकमांच्या पावत्या मागा. पदाधिकाऱ्यांनी ठराविक परताव्याची हमी लेखी किंवा चित्रफितीवर दिली असेल तर ती जपून ठेवा, वकिलाला दाखवा. २००८ आणि २००९ मध्ये घानात अक्रोपाँग इथे लोझान या जागतिक ख्रिस्ती चळवळीच्या धर्मपंडितांनी समृद्धीच्या सुवार्तेचा (देणाऱ्याला देव श्रीमंत करतो या शिकवणीचा) अभ्यास करून तिची शिकवण खोटी, बायबलचा विपर्यास करणारी ठरवली. त्यातले बरेच जण ज्या आफ्रिकेत ही शिकवण फोफावली तिथलेच होते. तेव्हा तुम्ही एकटे शंका घेत नाही आहात.

आणि दिलेले सगळे वाया गेले असे धरू नका. इब्री लोकांस १०:३४ मधल्यांची मालमत्ता तर लुटली गेली होती, त्यांनी ती दिलीही नव्हती. तरी पुढच्या ओळीत त्यांना मोठ्या प्रतिफळाची आशा दाखवली आहे. तुमचा हेतू देवाला देण्याचा होता. घेणाऱ्याने काय केले याचा जाब घेणाऱ्याला.

प्रश्न: द्यायला फारसे नाहीच. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या (छोटी नाणी) टाकणाऱ्या बायबलमधल्या विधवेसारखे असेल ते सगळे द्यावे का?

तिच्या दोन टोल्या म्हणजे एक दमडी (मार्क १२:४२). दिवसाची मजुरी एक दिनार, आणि एका दिनाराच्या अशा १२८ टोल्या. म्हणजे तिने टाकले ते दहा-बारा मिनिटांच्या मजुरीएवढे, आणि तेवढेच तिच्याजवळ होते. येशूने तिचे देणे सर्वांत मोठे म्हटले, पण ‘तुम्हीही असेच करा’ असे म्हटलेले नाही. दोनच ओळी आधी ‘विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या’ शास्त्र्यांवर तो बरसला आहे, आणि ज्या मंदिराच्या दानपेटीत त्या टोल्या पडल्या त्याचा दगडावर दगड राहणार नाही, हे पुढचा अध्याय सुरू होताच येते. सलग वाचले की कौतुकाबरोबर चीडही ऐकू येते.

तेव्हा औषधाचे, भाड्याचे, शिध्याचे पैसे पेटीत टाकू नका. आणि हे उत्तर मंडळीच्या खजिनदारांनीही वाचावे. कुणाची शेवटची टोली आपल्याकडे जमा झाली असे लक्षात आले, तर त्या माणसाचे नाव देणगीदारांच्या वहीतून मदतीच्या वहीत घ्यायचे. तीमथ्याला पहिले पत्र ५:९ मध्ये तशी यादी आहेच: मंडळीने सांभाळायच्या, साठीच्या पुढच्या विधवांची.